सात रेघांचा 'ह'

श्रीधर गेल्याचं मला आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या ईमेलवरून कळलं. कामासाठी नागोयाला होतो. रडू नंतर आलं, आधी आला संताप! शोकसंदेशाची अक्षरं गुळगुळीत, गोलमटोल, कॉम्प्युटरबरोबर फुकट येणारी. ज्यानं गोलाईशी उभा दावा मांडला, त्याचं नाव या नेभळटांनी जिलब्यांत छापलं होतं...

सॉफ्टवेअरवाल्यांची लाट जपानातल्या या फुनाबोरीत आली तेव्हा नोकरी होती वृंदाला. श्रीधर नवरा म्हणून आला. पुण्यात पाट्या रंगवणारा माणूस, इथं दिवसभर करणार काय? बांधकामांवरची टोकदार काताकाना लिपी बघून घरी आला आणि म्हणाला, "आपल्या अक्षरांना हाडंच नाहीत रे!" मग बसला हाडं घालत. एकही वळण नाही, सगळे कोपरे. शिरोरेषा एवढी जाड की म्हैस बांधावी. नुसत्या 'ह'वर चार महिने गेले. सात सरळ रेघा, आणि प्रत्येक रेघ दुसरीशी भांडलेली. हात लागला तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं, असं अक्षर!

गणेशोत्सवाचा फलक त्यानं त्याच अक्षरांत रंगवून आणला. मी सेक्रेटरी. भर मीटिंगमध्ये म्हणालो, "श्री, बाप्पाच्या पोटाला कोपरे काढलेस. मोदक अडकेल ना!" सगळे खिदळले. त्यानं कापड गुंडाळलं. "हे लांबून वाचायचं अक्षर आहे," एवढंच म्हणाला.

पुढच्या रविवारी त्याच्या सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत फळी लागली, 'चहा'. स्टेशनच्या फलाटावरून मला वाचता आली, की अक्षर पास. माणसाच्या हातातला ओनिगिरीचा भातगोळा पळवणारे इथले कावळे त्या फळीच्या धाकानं शेजारच्या चिबा प्रांतापर्यंत हटले, पण मी हटलो नाही. दर रविवारी तो दारातच विचारायचा, "वाचलंस?"

"काय वाचायचं? मला वाटलं मोडकी खुर्ची वाळत घातलीयस."

आतून वृंदा म्हणायची, "मग भावजी, बरोबर चहाच्या वेळेला कसे टपकता?"

तो मात्र माझं खरं मानायचा. फळी उतरवून 'ह' पुन्हा मोडायचा, पुन्हा जोडायचा. असं पाच वेळा. शेवटच्या रविवारी छातीवर हात ठेवून त्यानं विचारलं, "आता तरी?" मी म्हणालो, "अजून थोडा जाड कर."

त्याच आठवड्यात हार्ट अटॅक...

परवा गेलो. वृंदानं दार उघडलं. कुणीच काही विचारलं नाही, म्हणून मीच बोललो. "वाचलं. फलाटावरून नाही, नदीच्या पुलावरूनच. पहिल्या रविवारपासून वाचतोय."

ती म्हणाली, "हे त्याला सांगायला काय झालं होतं?"

तिनं चहा दिला, तो मान खाली घालून प्यायलो.

फळी अजून गॅलरीतच आहे. तो 'ह' अजूनही मोडक्या खुर्चीसारखाच दिसतो. श्रीधर गेला म्हणून मी त्या अक्षराला सुंदर म्हणणार नाही. पण गाडी पुलावर आली की मी हल्ली उठून उभा राहतो, आणि डब्यातल्या जपान्यांची पर्वा न करता मोठ्यानं वाचतो.