उठा डॉक्टर

पापडी गावात आम्ही ज्यांना ‘उठा डॉक्टर’ म्हणायचो, ते स्वतः फार थकलेले दिसत. खांदे उतरलेले, डोळे ओढलेले, आवाज पडलेला. त्या पडलेल्या आवाजातच ते खाटेवरच्या प्रत्येक माणसाला सांगत, “उठा.”

दुपारी दवाखाना रिकामा झाला की पोस्टानं आलेली इंग्रजी वैद्यकीय मासिकं घेऊन ते ओटीवर बसत. आजाऱ्याला फार दिवस निजवून ठेवू नये, असं नवं संशोधन सांगतं, हे ते गावाला समजावत. गावाला ते पटत नसे. पाठ धरलेला एक बागायतदार त्यांना म्हणाला, “चालून बरं होत असतं, तर मी दिवसभर केळीत काय करतो?”

“तुम्ही वाकता. मी चालायला सांगतोय,” डॉक्टर म्हणाले, आणि एवढं बोलूनच दमल्यासारखे खुर्चीत टेकले.

माझी आई लवकर गेली, म्हणून माझं पहिलं बाळंतपण सासरीच झालं. दोन दिवस वेणा देऊन मी पार गळून गेले होते. बाळ झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. “उठा. दारापर्यंत चाला.”

सासूबाई खाटेपुढे आडव्या उभ्या राहिल्या. “बाळंतीण बारा दिवस उठायची नाही. आमच्या घरात असंच होत आलंय.”

डॉक्टरांनी वाद घातला नाही. “मी थांबतो,” म्हणाले आणि ओटीवर जाऊन बसले. तासभर झाला, दीड तास झाला. शेवटी सासूबाई चहा घेऊन बाहेर गेल्या. दार उघडंच होतं. मला सगळं ऐकू आलं.

“माझ्या बायकोला बाळंतपणानंतर मी अकरा दिवस निजवून ठेवलं होतं,” डॉक्टर म्हणाले. “तेव्हा आम्हाला तसंच शिकवलं होतं. पायात रक्ताची गुठळी झाली, ती मला कळलीच नाही. बाराव्या दिवशी मीच हात धरून तिला उठवलं. चार पावलं चालली आणि कोसळली. गुठळी छातीत गेली होती. दुसऱ्याच दिवशी उठवावं, असं आता मासिकांत येतं. वीस वर्षं उशिरा आलं.”

सासूबाई आत आल्या, पदर खोचला आणि माझ्या काखेत हात घातला. “चल बाय. हळू.”

डॉक्टरांची मुलगी आजोळी वाढली, हे मला पुढे कळलं. आईच्या मरणाचा दोष तिनं वडिलांना दिला होता. ती पत्र लिहीत नसे. डॉक्टर मात्र दर महिन्याला लिहीत.

माझं धाकटं मूल रांगत होतं, तेव्हा एक दिवस डॉक्टर दवाखान्याला कुलूप लावताना दिसले.

“लेकीनं बोलावलंय,” म्हणाले. “दिवस भरत आलेत तिचे.”

“तुमचं ऐकेल ती?”

“कोण जाणे,” ते म्हणाले. “बोलावलंय खरं.”

दोन महिन्यांनी सासूबाईंच्या नावानं कार्ड आलं. अक्षर डॉक्टरांचं नव्हतं. ‘मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या हाताला धरून अंगणापर्यंत गेले. बाबा आता इथेच राहतील. दवाखाना उघडण्याची वाट पाहू नये.’

मी कार्ड वाचून दाखवलं. सासूबाईंनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.