म्हसोबापासून बारा पावलं

घरातून निघताना मी गॅसची कळ तीनदा बघते. एकदा बघते, चपला घालते, आत येऊन पुन्हा बघते आणि जिन्याच्या दुसऱ्या वळणावरून परत वर येते. माय म्हणते, "गॅसनी कंपनीत नोकरी करस, आनी गॅसलेच भ्यास!" ती भीती नाही. माझ्या अंगात स्वस्थपणा म्हणून नाही, एवढंच. बसून सबंध कप चहा मी शेवटचा कधी प्यायले, ते मलाच आठवत नाही.

आप्पा माझ्या उलट. तासन्‌तास एका खड्ड्यात उकिडवं बसायचं आणि हात हलू द्यायचा नाही, हा त्यांचा जन्माचा धंदा. ते याच कंपनीत जॉइंटर होते. जमिनीखालून जाणाऱ्या विजेच्या केबलची दोन टोकं जोडायची, त्यावर शिशाचं नळकांडं चढवायचं, उकळता काळा मसाला आत ओतायचा, आणि त्यात पाण्याचा थेंबही जाऊ द्यायचा नाही. वर वाळू, वाळूवर विटा, विटांवर माती. पुढची पन्नास वर्षं कुणी बघणार नाही असं काम. त्यांच्या सदऱ्याला त्या मसाल्याचा वास असायचा आणि लहानपणी मला तो आवडायचा.

कंपनी जुनी. कोटाच्या आतल्या शहरात दिवे आले तेव्हापासूनची. आप्पा अमळनेरकडून सुरतेत आले, तोवर ती कोटाबाहेर पडून उधन्यापर्यंत पोचली होती. मग पांडेसऱ्यात एकामागून एक डाइंगच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीला वीज हवी होती, तीही कालच. आमच्याकडची निम्मी गावं गिरण्यांत कामाला लागली, आणि त्यांच्या पायाखाली केबल जोडणारेही आमच्याकडचेच. आप्पांच्या टोळीत सगळे खानदेशी. कंपनीची वाढ आम्ही पोरांनी पेपरात वाचली नाही. आप्पा घरी किती उशिरा येतात, त्यावरून ती आम्हाला कळायची.

या टोळीची एक पद्धत होती. जॉइंट कुठे पुरला, ते खिशातल्या वहीत पावलांनी लिहायचं. अमक्या खुणेपासून इतकी पावलं, अमक्या दिशेला. साहेब लोक गिरणीचं फाटक नाहीतर दुकानाचं शटर धरून मोजायला सांगत. आप्पांचा त्यावर विश्वास नव्हता. पांडेसऱ्यात गिरणीचा मालक बदलतो, फाटक बदलतं, दुकान तर दिवाळीला दिसतं आणि होळीला गायब होतं. म्हणून आमचे लोक देव धरायचे. आमच्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी, पश्चिमेच्या कडेला, खानदेशी कामगारांनी बसवलेला म्हसोबा होता, शेंदूर फासलेला गुडघाभर दगड. आप्पांनी वहीत लिहिलं होतं : म्हसोबापासून, त्याच्याच कडेनं, दक्षिणेला बारा पावलं. देव काय उठून जाणार आहे थोडाच?

पुढे कंपनीने गॅसही हातात घेतला. आधी गिरण्यांच्या बॉयलरला, मग घराघरांतल्या ओट्यापर्यंत. मायने रॉकेलचा स्टोव्ह पाहिला, सिलिंडर पाहिला आणि आता भिंतीतून आलेल्या पिवळ्या नळीवर भाकरी भाजते. ती चांगली फुगत नाही, असं ती रोज म्हणते आणि रोज फुगलेली भाकरी माझ्या ताटात टाकते. इंजिनियरिंग करून मी त्याच कंपनीत लागले, पण गॅसच्या खात्यात. आप्पांना ते फारसं पटलं नाही. त्यांच्या लेखी गॅसवाले म्हणजे त्यांच्या केबलींवर कुदळी मारत फिरणारी जमात. "काय गॅसवाल्या बाई," ते मला म्हणायचे, "आज कुठला रस्ता फोडला?" मीही काही गप्प बसणारी नाही. "तुमच्या वेळचे रस्ते फोडायलाच आलेय," असं मी म्हणायची.

थट्टेपर्यंत ठीक होतं. पण निवृत्तीनंतर एकदा ते डबा द्यायच्या निमित्ताने सचिन गावातल्या माझ्या साइटवर आले, चरात डोकावले आणि माझ्या सगळ्या माणसांसमोर म्हणाले, "इतला वरतून पाइप टाकतस का कोनी?" चर खरोखरच उथळ होता. माणसं हसली. मी चर खोल करून घेतला आणि घरी येऊन आप्पांशी चार दिवस बोलले नाही. त्या दिवसापासून कामातली एकही गोष्ट त्यांना विचारायची नाही, असं मी ठरवून टाकलं. मी रागाने ठरवलेलं फार नीट पाळते, माझा तेवढाच एक गुण आहे.

गेल्या श्रावणात आमच्याच जुन्या गल्लीत गॅसची लाइन टाकायचं काम माझ्याकडे आलं. आम्ही ती गल्ली सोडून डिंडोलीला राहायला गेलो, त्याला पुष्कळ वर्षं झाली होती. नकाशा संगणकावरचा, नवाकोरा. टोळीच्या जुन्या वह्या ऑफिसने गोळा केल्या, आणि नव्या पोरांनी यंत्र घेऊन एकेका खुणेची जागा नोंदवून त्यावरून केबली आखल्या. नकाशात केबल गल्लीच्या पूर्वेच्या कडेने होती, म्हसोबाच्या शेजारून. पश्चिमेची कड मोकळी. गॅस पश्चिमेने टाकायचा, यात विचार करण्यासारखं काय होतं? केबल शोधायचं यंत्रही फिरवून पाहिलं, पण पांडेसऱ्याच्या जमिनीत इतक्या तारा आहेत की ते दोन्ही कडांना सारखंच कुईकुई करत होतं. अशा वेळी आधी एक आडवा चर हाताने, जपून खणून बघायचा, असा नियम आहे. त्यात अर्धा दिवस जातो. मला अर्धा दिवस थांबवत नाही. खोदाईच्या परवान्यावर मी आदल्या संध्याकाळी घरीच, उभ्याउभ्या सही केली. आप्पा पलीकडच्या खुर्चीत बसून टीव्ही बघत होते. सहा हातांवर. मी त्यांना विचारलं नाही.

सकाळी निघायच्या गडबडीत होते. गॅसची कळ दोनदा बघून झाली होती. माय नारळ आणि हळदकुंकू पिशवीत भरत बसली होती. "तू आपली गल्लीत जाई ऱ्हायनी ना, मंग म्हसोबाले नारळ फोडी ये. कितला दिन व्हई ग्यात," ती म्हणाली, आणि मग तिला हसू आलं. "तुले याद शे का? देव हालाडा तवय तुना नवा झगाले शेंदूर लागना व्हता. तू कितली रडनी!"

मी चप्पल घालता घालता थांबले. झगा आठवला. पिवळा होता. ढोल आठवला, ओल्या रस्त्यावरचं हळदीचं पाणी आठवलं. ट्रकांना वळायला जागा हवी म्हणून गल्लीचं तोंड रुंद करायचं होतं. आमच्याच लोकांनी पंचायत बसवून देवाला कौल लावला आणि वाजतगाजत त्याला रस्त्यापलीकडे नेऊन बसवलं. पश्चिमेकडून पूर्वेला. मी निरांजन धरून पुढे चालले होते.

"तुना बाप दोन दिन जेवना नही," माय म्हणत होती. "सगळा जन्म देवले हात जोडा नहीत, आनी देव हालाडा म्हनीसन उपाशी! लोके हसनात."

देवासाठी नव्हे. आप्पा देवासाठी उपाशी राहणारे नाहीत. त्यांचा जॉइंट जमिनीत होता तिथेच राहिला होता आणि खूण उठून पलीकडे गेली होती. नव्या पोरांनी देव आज जिथे आहे तिथून बारा पावलं मोजली होती. आणि जी कड मोकळी आहे असं मी सही करून सांगितलं होतं, तिथेच चालू वीज वाहत होती.

मुकादमाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. दाहोदकडून आलेली जोडपी खोदाईला होती. ती मंडळी दिवस उगवला की कामाला लागतात. आप्पा दारात येऊन उभे होते. बहुतेक त्यांनी सगळं ऐकलं असावं. "कोनती कड?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "पश्चिमेची." ते अनवाणीच जिना उतरायला लागले, मग मागे वळून चपला घालून आले.

स्कूटरवर मी काय बोलले, ते मला नीट आठवत नाही. रिक्षावाल्यांना शिव्या दिल्या असणार. पुलावर टेम्पो अडकला होता, तेव्हा मी हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही. आप्पांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो जराही दाबत नव्हता, त्याचाच मला राग येत होता. ओरडा की! म्हणा की काही! माझ्या डोळ्यांसमोर ती बाई येत होती, जिला मी दोनच दिवसांपूर्वी दुसऱ्या साइटवर पाहिलं होतं. हिरवं पोलकं, केसांना घट्ट फडकं बांधलेलं, हातात लोखंडी पहार. ओल्या चरात उभी, पायात काही नाही.

गल्लीच्या तोंडाशी स्कूटर तशीच टाकून मी धावले. चर मांडीइतका खोल गेला होता. ती बाई आतच होती. तिचा नवरा पुढे माती उपसत होता आणि मुकादम टपरीवर चहा घेत होता. चराच्या काठावर विटा रचून ठेवल्या होत्या, आठ-दहा, माती झाडून, एकावर एक. त्या विटा मी ओळखल्या. केबलीवरच्या विटा काढून झाल्या होत्या. खाली आता फक्त वाळू होती, आणि बाईने पहार उचलली होती.

"मूकी दो!" मी किंचाळले. "पहार खाली ठेवा! बाहेर या, बाहेर!"

ती दचकली. पहार हातात तशीच राहिली. मग तिने ती सावकाश आडवी काठावर ठेवली आणि माझ्याकडे बघत वर चढली. आपलं काय चुकलं, हे तिला कळत नव्हतं. विटांकडे बोट करून ती घाईघाईने म्हणाली, "आ तो चूला माटे, बेन. कोईनी नथी." चुलीसाठी घेतल्या, कुणाच्या नाहीत. तिला वाटलं, मी विटांसाठी ओरडतेय.

मी मटकन काठावर बसले. मला रडू येत होतं आणि ते दाबावं असंही वाटत नव्हतं. मी गॅस घरोघर पोचवते, असं लग्नाकार्यात मिरवत सांगते. आणि ज्या बाईने त्याचा चर खणला ती तीन विटांवर भाकरी भाजते. माझ्या एका सहीने ती भाकरीही आज संध्याकाळी भाजली गेली नसती.

आप्पा मागून चालत आले. त्यांनी मुकादमाला विजेच्या खात्यात फोन करायला लावला, सगळ्यांना मागे सरकवलं आणि कुणालाही खाली उतरू दिलं नाही, स्वतःही उतरले नाहीत. पाऊण तासाने लाइन बंद झाल्याची खात्री पटल्यावर ते चरात उतरले आणि हाताने वाळू बाजूला करू लागले. शिशाचं नळकांडं दिसलं. काळपट, अखंड. त्यावर पहारेची एक खूणही नव्हती. आप्पांनी तळवा त्यावर ठेवला आणि काढला. मग वाळू पुन्हा ओढली आणि हात वर केला. ती बाई एकेक वीट देऊ लागली, ते एकेक मांडू लागले. शेवटची वीट देताना तिने ती जरा धरून ठेवली, मग सोडली.

"तिले तीन इटा आनी दे सांजले," आप्पा मला म्हणाले.

"आप्पा, तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतंत?" माझा आवाज चढला. चूक माझी होती, तरी चढला. "देव हलवला, निशाणी गेली, हे ऑफिसात कुणालाच सांगितलं नाहीत?"

"तवयना सायबले सांगं व्हतं. त्यानी मान हालाडी." ते मातीचे हात झाडत होते. "मंग कंपनी मोठी व्हई गयी. वह्या ली गयात, नकाशा कया. माले कोनी इचारं नही." थोडं थांबून, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तू बी इचारं नही. मी तठेच बसेल व्हतू."

कधी नव्हे ती मी जागेवर उभी राहिले.

मुकादम नकाशा उलटसुलट करून बघत होता. नवऱ्याने घमेलं उचललं. त्या बाईने पहार पुन्हा हातात घेतली आणि मला विचारलं, "बेन, हवे क्यां खोदुं?" आता कुठे खणू? सगळे माझ्याकडे बघत होते. मॅडम मी होते, नकाशा माझा होता, परवान्यावर सही माझी होती.

मी आप्पांकडे वळले. त्या सगळ्यांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी विचारलं, "आप्पा, कुठे खणायचं?"

त्यांनी पायातल्या चपला काढल्या, माझ्या हातात दिल्या आणि म्हसोबाच्या जुन्या जागेपासून पलीकडच्या, पूर्वेच्या कडेकडे चालायला लागले. मी चपला धरून त्यांच्या मागे पावलं मोजत गेले.