दादाच्या पोटरीतली गाठ

दादाच्या पोटरीतली गाठ माझ्या अंगठ्याखालून सरकली, तेव्हा मला आनंद झाला होता.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

आमचं खोडदचं घर मेंढरांचं. मेंढीच्या कासेत गाठ आली की कोमट तेलाने चोळून ती मोकळी करायची, हे काम लहानपणापासून माझं. आजूबाजूचे लोकसुद्धा मेंढ्या माझ्याकडे आणायचे. मला त्याचा भारी तोरा होता.

आणे पठारावर मेंढरांमागे दादाचा पाय मोडला. प्लास्टर घातलं. हा गडी महिनाभर खाटेवरून हलला नाही.

प्लास्टर काढलं तर पोटरी सुजलेली, गरम. मी तेव्हा माहेरी आले होते.

वहिनी म्हणाली, "डॉक्टरला दाखवू की."

"कशाला? सुमी आलीया न्हवं. तिच्या हाताला गुण हाय," दादा म्हणाला.

मी चोळायला बसले. बोराएवढी कडक गाठ. दाबली, घोळवली.

आणि एकदम अंगठ्याखाली काहीच नाही.

"गेली रे दादा!"

"लई हलकं वाटतंय गं."

आमच्या दारातून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या थाळ्यांसारख्या अँटेना दिसतात. त्या सगळ्या एकदम वळत होत्या, जराही आवाज न करता. दादा तिकडे बघत चहा प्यायला. कप खाली ठेवला.

"सुमे, वारं का पडलं गं?"

वारं चांगलं सुटलं होतं. वहिनीचा पदर उडत होता.

नारायणगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्याचे ओठ निळे झाले. तासाभरात दादा गेला.

डॉक्टर म्हणाले, पाय फार दिवस हलला नाही की शिरेत रक्त साकळतं, त्याची गाठ होते. ती सुटली की रक्ताबरोबर वर जाते, हृदयातून फुप्फुसात. तिथली वाट अडली की माणूस श्वास घेत राहतो, पण रक्त पुढे जात नाही.

मग विचारलं, "पाय कुणी चोळला होता?"

मी म्हणाले, "नाही."

"बरं. चोळल्याने गाठ सुटू शकते, म्हणून विचारलं."

वहिनी शेजारीच उभी होती. एक शब्द बोलली नाही. पुढे वर्षभर कुणाजवळही नाही.

भाकरी थापताना अंगठ्याखाली अजून मध्येच तसंच रिकामं होतं. माझा हात तिथेच थांबतो.

आज सकाळी वर्षश्राद्धाच्या स्वयंपाकात मी विचारलंच, "वहिनी, तेव्हा गप्प का राहिलीस?"

ती पीठ मळत होती. वर न बघता म्हणाली,

"ते गेलेच व्हते. तू तरी ऱ्हावीस म्हनून."

म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते. पाय मी चोळला होता.

कुणाचा पाय असा सुजला, गरम लागला, तर हात लावू नका. आधी डॉक्टर.

दादा, चुकले रे.
तुला शेवटचा नमस्कार.