बकुळामावशीच्या आतला माणूस

गुणाजी परब नऊ शनिवार टीव्हीवर झळकला आणि त्याला कोणीही पाहिलं नाही.

संपात गिरणी गेल्यावर लालबागच्या या माणसाकडे एकच कला उरली होती. गणपतीत मंडळाच्या देखाव्यात तो मागून दोऱ्या ओढून राक्षसाच्या मिश्या हलवायचा. त्या मिश्या एका टीव्हीवाल्याला भलत्याच आवडल्या आणि त्याने गुणाजीला स्टुडिओत बोलावलं. ‘गंमतगल्ली’ नावाचा कार्यक्रम सुरू होणार होता. गाणी, नकला, जादूचे प्रयोग, आणि सूत्रसंचालन करणार कोण, तर बाहुल्या. त्यातली मुख्य बकुळामावशी. नऊवारी, ठसठशीत नथ, आणि पाहुण्याची फिरकी घेतल्याशिवाय त्याला गाऊ न देणारी. आवाज लतिकाबाईंचा, काचेपलीकडच्या खोलीतून. हात गुणाजीचा, काळ्या कापडाने झाकलेल्या टेबलाखालून. अर्धा तास हात डोक्यावर धरून बसायचं, आणि स्वतःला शिंक आली तर ती मावशीच्या नावावर खपवायची.

पहिल्याच शनिवारी त्याने घोळ घातला. ‘आज मी टीव्हीवर आसय,’ एवढंच घरी सांगून तो गेला. त्याच्या बायकोने, मालनने, अख्ख्या मजल्याला आवतण दिलं. टीव्ही एकट्या सावंतांकडे, त्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. नवं लुगडं नेसून मालन सगळ्यांच्या पुढे बसली. कार्यक्रम संपला, गुणाजी काही दिसला नाही, आणि माणसं मालनकडे बघायला लागली. कोणीतरी म्हणालं, “गुणाजी त्या बाईच्या पोटात होता काय रे?” सगळा मजला खो खो हसला. म्हणणारा अगदी बरोबर बोलला होता, पण ते तिथे कोणाला ठाऊक?

गुणाजी घरी आला तेव्हा मालन तांदूळ निवडत होती.

“अर्धो तास तुमका शोधतंय. खंय होतात?”

त्याने उजवा हात वर करून दाखवला. तिने मान खाली घातली ती घातलीच. उरलेले आठ शनिवार ती सावंतांकडे फिरकली नाही. दहाव्या शनिवारी क्रिकेटचा सामना दाखवला, अकराव्या शनिवारी आणखी काहीतरी, आणि गंमतगल्ली कुणाला न सांगता बंद झाली. पुढे गुणाजीने माझगावच्या एका गोदामात नोकरी केली, मुलीचं लग्न केलं, म्हातारा झाला. लोकांनी आपल्याला पाहिलं नाही याचं त्याला कधीच काही वाटलं नाही. मालनने पाहिलं नाही, हे मात्र त्याला आत कुठेतरी सलत राहिलं. आणि आता दाखवणार तरी काय? कार्यक्रमाच्या फिती म्हणे केव्हाच पुसल्या गेल्या होत्या.

यंदा दादरला जुन्या टीव्हीच्या आठवणींचा कार्यक्रम ठरला. तो भरवणारा शंतनु नावाचा तरुण बकुळामावशीला कुठल्याशा माळ्यावरून शोधून थेट गुणाजीच्या घरी घेऊन आला. “काका, लतिकाताई येणारेत. तुम्ही फक्त पाच मिनिटं करा.”

मालन म्हणाली, तिचे गुडघे दुखतात. गुणाजीने जन्मात कधी केली नव्हती ती विनवणी केली. “चल गो. एकदाच.”

सभागृहात जाऊन बघतो तर टेबल उघडं. चार पाय आणि मधे नुसती हवा. काळं कापड आणायचं शंतनु साफ विसरला होता. गुणाजीने मावशीला टेबलावर निजवलं. बाहुलीवाल्याने दिसायचं नसतं, तो दिसला की बाहुली मेली, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं.

“पडद्याशिवाय जमायचं नाही,” तो म्हणाला.

“काका, आता कुठून आणू?” शंतनुला घाम फुटला होता.

तिकडे ऐंशी वर्षांच्या लतिकाबाई माईकपाशी बसून लोकांना सांगत होत्या, “आम्ही दोघांनी काम करताना एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. मला काचेतून फक्त मावशी दिसायची. तिने हनुवटी उचलली की मी बोलायला लागायचे. सगळ्यांना वाटायचं, हात माझ्या आवाजामागून येतो. छे हो. मीच त्या हाताच्या मागून जायचे.”

पहिल्या रांगेतली मालन हे ऐकून उठली. खुर्च्यांना धरत धरत टेबलापाशी आली.

“ऱ्हवांदे तो पडदो,” ती नवऱ्याला म्हणाली. “माका तुमका बघूचा आसा.”

गुणाजी टेबलाखाली बसला. खांदा पूर्वीसारखा वर जाईना, म्हणून डाव्या हाताने कोपराला आधार दिला. मावशीने हनुवटी उचलली, लतिकाबाईंनी पहिलीच कोपरखळी शंतनुला मारली आणि सभागृह हसायला लागलं. सगळे मावशीकडे बघत होते. मालन तेवढी टेबलाखाली बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

गुणाजीला ते दिसलं. पुढच्या वाक्याला मावशीची हनुवटी उचलायची राहून गेली, आणि तिकडे माईकपाशी लतिकाबाई न बोलता थांबून राहिल्या.