प्रभव संवत्सराचा दगड

हसणार नाही म्हणा, तरच सांगतो. हसणार तुम्ही, ठाऊक आहे मला. तरी सांगतो.

सत्त्याऐंशी सालचा मे महिना. भांडुपच्या आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणणं चालू होतं. पावसाआधी टाकी झाली नाही, तर बायकांना आणखी वर्षभर खालून बादल्या चढवायच्या होत्या. आणि नेमका त्या खड्ड्याशेजारी मला चिखलात एक फुटका काळा दगड दिसला. पुसला, तर वर कोरलेलं, 'प्रभव नाम संवत्सरे'. पुढे शकाचा आकडा असणारा कोपराच गायब.

झालं. मला इतिहासाची खाज. आता आपल्या पंचांगात वर्षांना साठ नावं. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून, आणि प्रभव हे पहिलं. म्हणजे दगड कुठल्याही प्रभवातला असू शकतो, हो ना? मी साठ-साठ वर्षं मागे सरकत थेट यादवांच्या काळात जाऊन थांबलो. तिथेच का? आवडतो मला तो काळ.

"काम बंद," मी आमच्या सेक्रेटरीला, परबला, सांगितलं. "खाली देऊळ असणार. सरकारला कळवायला हवं."

"येडा झालास काय रे? पाऊस तोंडावर आलाय."

"बरं, खण. उद्या देऊळ फोडलं म्हणून नाव तुझंच येईल."

परब टरकला. मजूर घरी गेले. अख्ख्या बिल्डिंगने माझ्याशी बोलणं टाकलं. आमची ही तर भरलेली बादली मुद्दाम माझ्या पायाशी आदळायची.

शेवटी एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, दगड पिशवीत टाकून मी पुराणवस्तूंच्या कचेरीत निघालो. गेटवर तळमजल्याचे सावंतकाका भेटले, मालवणहून नुकतेच परतलेले. त्यांनी पिशवीत डोकावलं.

"मेल्या, माझो दगड घेवन खंय चललंस?"

"तुमचा? काका, सातशे वर्षांचा आहे हा."

"खुळो काय रे तू? पाडव्याक कोरून घेतललंय, तुळशीखाली बसवूक. कोपरो फुटलो म्हणान थंय टाकलंय."

खरं सांगू? लाज वाटलीच, पण त्याहून जास्त सुटलो असं वाटलं. कचेरीत पोचलो असतो तर माझी काय वाट लागली असती. परबने दुपारीच मजूर बोलावले, आणि पावसाच्या आत टाकी भरली.

रात्री जेवताना मी हिला म्हटलं, "पण दगडावर प्रभव होतं, त्यात माझी काय चूक?"

"अहो, आत्ता चालू आहे तेच प्रभव संवत्सर. गेल्या महिन्यात सत्यनारायणाला गुरुजींनी संकल्पात तुमच्याच तोंडून वदवून घेतलं. पूजेला बसला होतात, की झोपला होतात?"