शेवटची ओळ

माझ्या आत्याला घरात सगळे ‘सरकार’ म्हणायचे, चिडवायला. हुकूम सोडायची तिला भारी हौस, आणि ऐकणारी फक्त ढोबळी मिरचीची झाडं. पॉलिहाउस आजोबांचं, राबणं तिचं. आजोबांनी शब्द दिला होता: या हंगामात पीक साधलं तर पॉलिहाउस तुझ्या नावावर, नाहीतर विकून टाकू.

माझे वडील तिचे थोरले भाऊ. खताचं दुकान त्यांचं, म्हणून अक्कलही त्यांचीच. फळ भरावं म्हणून ते ठिबकच्या टाकीत पोटॅश ओतत राहिले. खालची पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या उरल्या.

“दादा, झाडांना मॅग्नेशियम मिळत नाहीये.”

“माती तपासून आणलीस ना? भरपूर आहे म्हणतात.”

“आहे रे, पण पोटॅशनं मुळाशी एवढी गर्दी केलीय की त्याला आत शिरता येत नाही. पोटॅश बंद कर.”

“खत बंद करून पीक येतं होय? शहाणीच आहेस!”

त्यांच्यापुढे बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. आत्यानं गुपचूप शेवटच्या ओळीचा कॉक बंद केला आणि त्या ओळीला वेगळ्या पिंपातून पाणी आणि बाकीची खतं, फक्त पोटॅश सोडून, द्यायला सुरुवात केली. तिथला पिवळेपणा वर चढायचा थांबला, नवी पानं हिरवीगार आली. तिला आजोबांना तीच ओळ दाखवायची होती.

तेवढ्यात ती टायफॉइडनं अंथरुणाला खिळली. बाबांनी दुकान सांभाळून रोज मिरचीकडे पाहिलं, हे मान्य करायलाच हवं. ती उठली ती भिंत धरत थेट पॉलिहाउसात गेली. शेवटची ओळही पिवळी पडली होती.

“कॉक बंद राहिला होता गं तिचा,” बाबा मायेनं म्हणाले. “बिचारी उपाशी होती. मी उघडून दिला, जास्तीचं पोटॅश सोडून मागची कसरही भरून काढली.”

आजोबांनी एक फेरी मारली. “सगळं सारखंच आहे की,” म्हणाले, आणि पॉलिहाउस विकलं.

आत्या भांडली नाही, याचा मला अजून संताप येतो. पण इतक्या मायेनं वाटोळं करणाऱ्याशी भांडायचं तरी कसं? आता ती दुसऱ्यांच्या पॉलिहाउसात रोजानं झाडं सुतळीला बांधते. बाबा पाहुण्यांना अजून सांगतात, “हिच्या आजारपणात पीक मी पोरासारखं सांभाळलं.” ‘भाऊ असावा तर असा’ म्हणत पाहुणे कौतुकानं आत्याकडे बघतात.

“हो,” ती म्हणते, “दादा रोज जायचा.”