मोठ्या शिडीची चिठ्ठी

आमच्या दादाला कुणाच्या घरी नेणं म्हणजे जिवाला घोर. समोरच्याने 'बसा' म्हटलं की हा आधी खुर्ची दोन्ही हातांनी धरून हलवून बघणार. माझं लग्न ठरत होतं तेव्हा हे पहिल्यांदा आमच्याकडे आले, तर पठ्ठ्याने त्यांना उठवून खुर्ची तपासली! ते गेल्यावर म्हणतो कसा, "माणूस पक्का आहे. खुर्ची वॉबली आहे." घ्या!

दादा एका मोठ्या गोदामात शिड्या, स्टुलं, मांडण्या तपासायच्या कामावर होता. शिक्षण सातवीपर्यंत. पण तिथला नियम असा, की बिघडलेल्या वस्तूवर चिठ्ठी लटकवायची आणि ती इंग्रजीतच लिहायची. बाकीचे 'नॉट ओके' खरडून मोकळे व्हायचे. दादाने जुन्या बाजारातून डिक्शनरी आणली आणि एकेक शब्द पाठ केला. नुसती थरथर असली तर शेकी. एक पाय आखूड होऊन डुगडुगत असेल तर वॉबली. सगळेच सांधे खिळखिळे झाले असतील तर रिकेटी. आणि माणूस चढला की आडवा होणारच, अशी वस्तू अनस्टेबल.

"हलतंय म्हण की सरळ! एवढी ऐट कशाला?" मी चिडवायचे.

"अगं, शब्दावर सगळं ठरतं," तो म्हणायचा. "वॉबली लिहिलं तर आठवड्यात दुरुस्ती, तोवर जपून वापरा. अनस्टेबल लिहिलं की वस्तू तिथल्या तिथे बंद. मग मॅनेजरच्या बापालाही चढता येत नाही."

तो आमच्याच वरच्या मजल्यावर राहायचा. गोदामात उजेड कमी, म्हणून दुपारी तपासायचा आणि संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून चिठ्ठ्या लिहायचा. सकाळी नेऊन लटकवायचा. हेही त्याच गोदामात होते, उंच मांडण्यांवर माल लावायला.

अकरा वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ. हे अजून कामावरून यायचे होते. मी टेबल पुसत होते आणि मोठ्या शिडीच्या चिठ्ठीवर माझी नजर गेली. इतकी वर्षं बघून तो शब्द मलाही ओळखता यायचा. अनस्टेबल.

"म्हणजे शिडी बंद? वरचं काम अडणार, आणि यांची शनिवारची सुट्टी बोंबलणार!" लेकीला बाळ होऊन पंधरा दिवस झाले होते. दोघांनी जायचं ठरलं होतं, माझी पिशवीसुद्धा भरून तयार होती. "दादा, दोनच दिवसांचा तर प्रश्न आहे. वॉबली लिही ना. हे काय कुक्कुलं बाळ आहेत? जपून चढतील."

तो नाही म्हणाला. मी आदळआपट केली, रडले, पुन्हा दारात उभं राहू नकोस म्हणाले. लहानपणापासून माझा एक हट्ट त्याने मोडला नव्हता. तोही मोडला नाही. चिठ्ठी फाडली आणि दुसरी लिहिली.

शुक्रवारी सकाळी शिडी सटकली. हे बारा फुटांवरून खाली आले. कंबर गेली, डावा पाय गेला. जीव राहिला एवढंच.

चौकशीत दादाला विचारलं, वॉबली का लिहिलं? "माझी चूक," म्हणाला. माझं नावही काढलं नाही. नोकरी गेली. आणि मी? मूग गिळून गप्प बसले. कुणी त्याला नावं ठेवली की वर मानही डोलवायचे. काय म्हणावं अशा बहिणीला! त्या दिवसापासून हे त्याच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. तो जिन्यातून उतरताना दिसला की हे तोंड फिरवायचे.

दोन महिन्यांपूर्वी यांच्या प्रवास-सवलतीचा फॉर्म आला. चाल कशी आहे, ते इंग्रजीत लिहायचं होतं. लेक परगावी, लिहिणार कोण? मी वर जाऊन दादाला बोलावून आणलं. हे काठी धरून बसले होते, उठले नाहीत. दादा आला आणि खुर्ची न हलवताच बसला. 

अक्षर अजून तसंच, मोत्यासारखं. यांनी फॉर्म ओढून वाचला. चालीपुढे लिहिलं होतं, अनस्टेबल. मग अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलले.

"हा शब्द तेव्हा नाही का सुचला?"

दादाने पेनाला टोपण लावलं. याही वेळी तो काही बोलला नसता. मला माहीत आहे ना तो.

"सुचला होता," मी म्हणाले. "लिहिलाही होता. याच टेबलावर. मी फाडायला लावला."

यांनी फॉर्म टेबलावर ठेवला. मग काठी टेकत उठले, टेबलाला वळसा घातला आणि दादाच्या शेजारची खुर्ची ओढून तिच्यावर बसले.

आता दादा रोज संध्याकाळी खाली येतो. दोघे टेबलाशी बसून चहा पितात, जुन्या गोष्टी काढून हसतातसुद्धा. चहा मीच करते. माझ्याशी मात्र हे अजून बोललेले नाहीत.